व्हिएन्नाच्या आजीबाईंचा सत्कार

परत येऊन महिना झाला, तरी अमरावतीच्या फुलबाजारात माझी पोती उतरायच्या आधी कुणीतरी विचारतंच, "मंग भाऊ, व्हिएन्नात काय काय पाह्यलं?" मी आधी पोत्याचं तोंड बांधतो, हात झटकतो, घसा साफ करतो आणि म्हणतो, "राजवाडा पाह्यला, चर्च पाह्यलं, आकाशपाळना पाह्यला. पन खरी मजा आली ते मसनात." विचारणाऱ्याचा चहाचा कप ओठांपाशीच थांबतो. हा क्षण मला फार आवडतो. तो थांबला की मी बसायला एक रिकामं पोतं मागून घेतो आणि सुरू होतो. तुम्हीही बसा.

नांदगाव खंडेश्वरपासून थोडं आत आमची दोघा भावांची फुलशेती आहे. झेंडू आणि शेवंती. धाकटा भाऊ विलास शेत पाहतो, मी बाजार पाहतो. माझा दुसरा उद्योग म्हणजे सत्कार. तालुक्यात कुणी निवृत्त होवो, निवडून येवो की पंच्याहत्तरी गाठो, माईकही माझ्या हातात असतो आणि हारही माझ्याच शेतातला असतो. शाल, श्रीफळ, पुष्पहार आणि पाच मिनिटांचं भाषण, जे अठरा मिनिटं चालतं. मी मुख्याध्यापकांना हार घातले, डॉक्टरांना घातले, एकदा शंकरपटात पहिल्या आलेल्या बैलजोडीलाही घातले. बैलांनी खाल्ले, पण सत्कार झाला. त्यामुळे माझ्या बॅगेत हाराची लांब सुई, दोऱ्याचं रीळ, एक मरून शाल आणि एक नारळ कायम असतो. माणूस कुठे सत्कार करण्याजोगा निघेल, सांगता येत नाही.

दिवाळी आटोपल्यावर आम्हा बारा फुलशेतकऱ्यांचा हॉलंडचा अभ्यासदौरा झाला. आठवडाभर काचेच्या घरांतली फुलं पाहून डोळे निवले. शेवटचे दोन-तीन दिवस मोकळे होते. बाकी अकरा जण चॉकलेटं घ्यायला गेले आणि मी शुक्रवारी सकाळी विमानानं व्हिएन्ना गाठलं, कारण तिथं आमची स्नेहल होती. स्नेहल म्हणजे विलासची मुलगी, मातीवर संशोधन करते. आमच्या काळ्या मातीत वाढलेली पोरगी माती शिकायला ऑस्ट्रियाच्या राजधानीत का गेली, हे मला अजून कळलेलं नाही. पण तिच्याबद्दल बोलताना माझा आवाज आपोआप माईकवाला होतो.

शुक्रवार

विमानतळावर तिनं मला वाकून नमस्कार केला आणि शहरात येणाऱ्या गाडीत बसल्याबरोबर कायदे सांगितले.

"मोठे बाबा, गाडीत जोरात बोलाचं नाई."

"मी जोरात बोलून राहिलो का?"

समोरच्या बाकावरच्या कुत्र्यानं, ज्याच्या तोंडाला जाळी होती आणि जो माणसासारखा शांत बसला होता, माझ्याकडे पाहिलं. मी आवाज कमी केला.

मग तिनं खरी गोष्ट सांगितली. ती राहते त्या घराच्या मालकीणबाई ब्याऐंशी वर्षांच्या. नाव फ्राऊ ब्रुनर, म्हणजे ब्रुनरबाई. घरातली एक खोली त्यांनी स्नेहलला दिलेली. कराराचं वर्ष पुढच्या महिन्यात संपत होतं आणि पुढचं वर्ष द्यायचं की नाही, हे आजीबाई शनिवारी सकाळी सांगणार होत्या. साडेदहाला कॉफीला बोलावलं होतं, मलाही.

"देतील ना, बाप्पा. तुझ्यासारखी पोट्टी कुठं भेटते?"

"गेल्या महिन्यात म्या ठेचा केला. आजीले असा ठसका लागला का अर्धा तास खिडकीत उभी होती. तवापासून बोलनं कमीच हाये." ती बाहेर पाहत म्हणाली. "माझं एकच वर्ष राह्यलं. इथं खोली भेटत नाई, मोठे बाबा. माझी मैत्रीण चार महिने फिरली, अन् शेवटी शिक्षण सोडून गावी गेली."

तेवढ्यात माझा फोन वाजला. विलास होता. "दादा, पोहोचले? एक हात जोडून सांगतो. तिथं कोनाचा सत्कार करू नका."

"मी काई लहान हाओ का?" मी म्हटलं आणि फोन ठेवला. 'नाही करत' असं मी म्हटलं नव्हतं, हे त्याच्याही लक्षात आलं असणार.

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. जुनी इमारत, छत इतकं उंच की आमच्याकडे मध्ये एक माळा घातला असता. आजीबाई केस कापायला गेल्या होत्या. दारामागच्या अरुंद बोळातून आत जाताना भिंतीवर एक मोठा फोटो दिसला. ट्रामच्या ड्रायव्हरचा गणवेश, टोपी, भरदार मिशा आणि असं हसू की हा माणूस आता टाळी देईल. फोटोखालच्या खुंटीवर पुरुषाची हॅट, तिला टेकून छत्री, खाली पॉलिश केलेले बूट. मी मनात म्हटलं, हे आजीबाईंचे साहेब. फोटोला हार नव्हता. आमच्याकडे फोटोला हार म्हणजे माणूस गेला, हार नाही म्हणजे माणूस आहे. यात विचारायचं काय? साहेब बायकोला घेऊन न्हाव्याकडे गेले असतील, असं समजून मी बॅग ठेवली.

स्नेहलची तीन ते सहा मीटिंग होती. तिनं मला शहराच्या मधोमध सोडलं, एक चौक दाखवला आणि म्हणाली, "सहा वाजता इथंच. हरपले तं कोनाले विचारू नका, मले फोन करा."

आता तीन तास आणि अख्खं व्हिएन्ना माझं होतं. काय सांगू? मोठ्या चर्चचं छप्पर असं, की कुणा सुगरणीनं रंगीत तुकड्यांची गोधडी शिवून वर वाळत घातली आहे. घोडागाड्यांचे टांगेवाले डोक्यावर गोल टोप्या घालून असे बसलेले, की घोड्यानं त्यांच्यापुढे लाजावं. आणि थंडी! आमच्या पौषातली थंडी इथं ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी, वर गोड ऊन. कोपऱ्याकोपऱ्यावर लोखंडी चुलाणात चेस्टनट भाजत होते. कागदाच्या पुडीत दहा-बारा मिळाले. चव उकडलेल्या रताळ्यासारखी आणि सोलायची कसरत शिंगाड्यासारखी. दुकानांच्या दारात लाल कोहळी ठेवली होती, त्यांना कोरून डोळे आणि दात काढलेले. मी फोटो काढून बायकोला पाठवला. तिचं उत्तर आलं, "भाजी काहून नाई केली?"

एका कॉफीच्या दुकानात गेलो. वेटर नवरदेवासारखा काळ्या कोटात. त्यानं चांदीसारख्या ताटलीत कॉफी आणली, बाजूला पाण्याचा ग्लास, ग्लासवर पालथा चमचा, आणि वाचायला पेपर. पेपर जर्मन भाषेत. पण माणसानं एवढ्या आदरानं दिला तर परत कसा करायचा? मी तासभर तो उघडून बसलो, अधूनमधून मान हलवली, एकदा काळजीनं भुवया चढवल्या. कुणी उठवलं नाही. पाण्याचा ग्लास मात्र दोनदा भरून दिला. आमच्याकडे चहा संपला की पोऱ्या टेबल पुसायला लागतो, तेही कोपर उचलायला सांगून. पेपर वाचतानाचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. बायको म्हणाली, "उलटा तं नाई धरला?" मी पाहिलं. सुलटाच होता, कारण त्यात एका माणसाचा फोटो होता.

बाहेर पडलो आणि पुढच्या वळणावर माझे पाय थांबले.

शेवंती.

एका फुलवाल्या बाईच्या दुकानासमोर कुंड्याच कुंड्या. गोल घुमटासारखी कापलेली झाडं, एकेका झाडाला साठ-सत्तर फुलं. पांढरी, पिवळी, जांभळी. ज्या फुलासाठी मी पहाटे पाचला उठतो, ज्याच्या अळीशी माझी वीस वर्षांची दुश्मनी आहे, ते फूल इथं, सातासमुद्रांपलीकडे, राणीसारखं बसलेलं. आणि गर्दी किती! लोक दोन्ही हातांत एकेक कुंडी घेऊन निघत होते. नवरात्रात अंबादेवीच्या रस्त्यावर आमच्या फुलांना असते तशी झुंबड, फक्त ढकलाढकली नाही. पुढे गेलो तर पुढच्या दुकानातही शेवंती. त्याच्या पुढेही. मी रस्त्यातच दोन पावलं नाचलो. एका म्हाताऱ्यानं वाट सोडली.

नक्की मोठा सण आहे. मी फुलवाल्या बाईंना दोन्ही हात जोडून दाखवले आणि भुवयांनी विचारलं, देवासाठी? बाईंनी गंभीरपणे मान हलवली, स्वतःही हात जोडले आणि वर आभाळाकडे पाहिलं. झालं. देवाचंच काम. मी पांढऱ्या शेवंतीच्या तीन कुंड्या घेतल्या. बाई लाल काचेचा झाकणवाला दिवाही देऊ लागल्या. मी म्हटलं, "नको, आमची दिवाळी झाली." कुंड्या मोठ्या पिशवीत घातल्या, वरून मफलर झाकला.

सहाला स्नेहल आली. "पिशवीत काय हाये?"

"गुपित."

ती चॉकलेटं समजली. मी समजू दिलं. विलासला मी काही वचन दिलेलं नव्हतं, आणि पोरीचं वर्ष एका कॉफीवर टांगलेलं असताना मी मोकळ्या हातानं जाणार होतो का? माणसाचा मान राखला की माणूस विरघळतो, हे मी शेकडो सत्कारांत पाहिलं आहे.

शनिवार, सकाळ

पाचला जाग आली. स्नेहल खाली गादीवर झोपलेली. मी पिशवी, सुई आणि दोरा घेऊन न्हाणीघरात गेलो, कडी लावली आणि टबच्या काठावर बसून फुलं खुडायला लागलो. हॉलंडात आठवडाभर ऐकलं होतं की फुलाचा भाव त्याच्या दांड्यात असतो. आमचं उलटं. आम्हाला दांडा नकोच, आम्ही फूल किलोनं विकतो. साठ फुलं, सत्तर फुलं, बोटं आपोआप चालायला लागली. टबात पांढरा ढीग झाला आणि कडू-गोड वास सुटला. डोळे मिटले असते तर मी शेतात होतो.

हार दोन केले. जोडप्याचा सत्कार एकट्या बाईला हार घालून करू नये, साहेब रुसतात. आजीबाईंचा जरा आखूड केला. साहेबांचा लांब, कारण फोटोतल्या टोपीवरून डोकं मोठं वाटलं. तिसऱ्या कुंडीतली फुलं तशीच राहू दिली. ओला पंचा गुंडाळून हार पिशवीत ठेवले आणि झोपलेल्या पुतणीकडे अशा प्रेमानं पाहिलं, की मलाच भरून आलं.

साडेदहाला आम्ही आजीबाईंच्या बैठकीत गेलो. बारीक अंगाच्या, ताठ, पांढरे केस नीट बसवलेले, अंगात काळा पोशाख. मला तो फार खानदानी वाटला. त्यांनी हात पुढे केला, मी नमस्कार केला, मग मी हात पुढे केला तर त्यांनी नमस्कार केला. टेबलावर जर्दाळूचा केक. आजीबाईंनी स्नेहलला काहीतरी सांगितलं आणि ती कॉफी आणायला स्वयंपाकघरात गेली.

मी हीच संधी साधली.

उभा राहिलो. घसा साफ केला. "आजच्या या मंगल प्रसंगी," मी सुरुवात केली, माझ्या नेहमीच्या आवाजात, जो माईकशिवाय बाजार समितीच्या फाटकापर्यंत जातो, "व्हिएन्ना नगरीच्या ज्येष्ठ, श्रेष्ठ, आदरणीय आजीबाई, ज्यांनी आमच्या लेकीला आपल्या छत्राखाली घेतलं, त्यांचा मी शाल, श्रीफळ व पुष्पहार देऊन हृद्य सत्कार करतो." मरून शाल त्यांच्या खांद्यांवर घातली. नारळ हातात दिला. त्यांनी तो सांभाळून धरला, जणू कुणाचं तान्हं आहे. मग पंचा उलगडला आणि पांढऱ्याशुभ्र शेवंतीचा हार त्यांच्या गळ्यात घातला. एकट्यानं टाळ्या वाजवल्या.

आजीबाई हारावर नजर ठेवून खाली पाहत राहिल्या. मला वाटलं, भारावल्या.

मी दुसरा हार दोन्ही हातांत धरला, बोळातल्या फोटोकडे बोट केलं, मिशांना पीळ देण्याची खूण केली आणि दाराकडे पाहून विचारलं, "साहेब कुठं हायेत? बोलवा त्याईले."

दारात स्नेहल होती. हातातला ट्रे तिनं अगदी हळू टेबलावर ठेवला. कपांचा आवाजसुद्धा झाला नाही.

"मोठे बाबा," ती म्हणाली, "ते वारले. सहा वर्षं झाले."

"फोटोले हार नाई."

"इथं नाई घालत. अन् हे फुलं..." तिनं हाराकडे बोट केलं. "हे फुलं इथं कबरीवरच वाह्यतात. फक्त कबरीवर. आज मेलेल्या मानसायचा दिवस हाये. आज सगळं गाव मसनात जाते. आजी बी चालली, म्हनून काळे कपडे."

माझ्या हातातला हार अचानक पाच किलोचा झाला. माझ्या डोळ्यांसमोरून फुलवाल्या बाईंचे जोडलेले हात गेले, आभाळाकडे गेलेली नजर गेली, तो लाल दिवा गेला. ब्याऐंशी वर्षांच्या जित्या बाईला मी तिरडीची फुलं घातली होती आणि तिच्या मेलेल्या नवऱ्याला हाका मारत होतो.

आजीबाईंनी शांतपणे काहीतरी विचारलं.

"काय म्हनते?"

"तुमी काय बोलले, ते विचारते."

"सांगू नको."

पण स्नेहल संशोधक आहे. तिला खोटं सांगता येत नाही, हे आमच्या घराचं जुनं दुखणं आहे. तिनं सगळं सांगितलं. फोटोचा नियम सांगितला, हार न दिसल्यामुळे मी साहेबांना जिवंत समजलो हे सांगितलं, दोन हार का ते सांगितलं. आजीबाईंनी नारळ केकच्या ताटलीत ठेवला, उठल्या, बोळात जाऊन फोटोसमोर थोडा वेळ उभ्या राहिल्या, आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

स्नेहल माझ्यासमोर येऊन बसली.

"बाबांनी सांगतलं होतं ना तुमाले."

"सांगतलं होतं."

"मंग काहून?"

"मले वाटलं, मान केला का म्हातारी खुश होईल. तुझं काम होईल."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "सोमवारपासून खोली पाहा लागते," आणि केकचा तुकडा माझ्यासमोर सरकवला. तो केक फार चांगला असणार. मला त्याची चव आठवत नाही.

दहा मिनिटांनी दार उघडलं. आजीबाईंच्या अंगात लांब काळा कोट, त्यावर माझी मरून शाल, आणि शालीवर हार तसाच. त्या बोलायला लागल्या आणि स्नेहल मला सांगायला लागली. इथं एक सांगून ठेवतो. आजीबाईंचं सगळं जर्मन माझ्यापर्यंत आमच्या पोरीच्या वऱ्हाडीतूनच पोचलं. त्यामुळे आजही त्या मला नांदगावच्याच वाटतात.

"म्हनते, हे फुलं मले जवा येतील तवा मले काई दिसनार नाई. म्हनून आरशात पाहून घेतले. म्हनते, बरी दिसतो मी."

मी स्नेहलकडे पाहिलं, ती माझ्याकडे. हसायचं की नाही, हे दोघांनाही कळेना. आजीबाईंचा चेहरा कोरा होता. त्यांनी हार काढला, साहेबांच्या हॅटशेजारी खुंटीला लावला, आणि माझ्या हातातल्या लांब हाराकडे बोट केलं.

"म्हनते, तो घ्या अन् चला. ज्याच्यासाठी आनला, त्याले द्या."

शनिवार, दुपार

एकाहत्तर नंबरची ट्राम थेट स्मशानापर्यंत जाते. साहेबांनी कित्येक वर्षं हीच गाडी चालवली, हे मला वाटेत कळलं. गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती आणि जो तो मांडीवर शेवंतीची कुंडी घेऊन बसलेला. म्हातारे, तरणी जोडपी, शाळकरी मुली. आमच्या शेतातून बाजारात निघालेली गाडी असते ना, तशी ती अख्खी ट्राम. वासही तोच. लाज वाटत होती ती खरी, पण पोटात गुदगुल्याही होत होत्या. काय करू, मी शेवंतीवाला आहे.

आणि मग ते फाटक आलं. लोकहो, मी गेल्या चाळीस वर्षांत फुलांचे ढीग कमी पाहिलेले नाहीत. पण फाटकाबाहेर दुकानांची रांग, आत गेल्यावर झाडांचे लांबच लांब रस्ते, दोन्ही बाजूंना कबरी, आणि नजर जाईल तिथवर पांढरी, पिवळी, जांभळी शेवंती, मध्ये लाल काचेचे दिवे, वरून सोनेरी पानं पडताहेत. जागा एवढी मोठी, की आत चक्क बस फिरते. आमचं नांदगाव त्यात मावून वर शेत करायला जागा उरली असती.

आपण मसणात जातो ते त्या एका दिवशी, आणि मागे वळून न पाहता परततो. ही माणसं डबा, घासणी आणि झारी घेऊन आली होती. दगड घासत होती, पानं वेचत होती, कुंडी जरा डावीकडे, जरा उजवीकडे करून लांबून पाहत होती. कुणी रडत नव्हतं. पाहुण्यांच्या घरी आल्यासारखं हळू आवाजात बोलणं चाललं होतं.

साहेबांचा दगड काळा, खांद्याएवढा, वर गोलाई. आजीबाईंनी तो ओल्या फडक्यानं पुसला, दिवा लावला आणि दगडाशी बोलायला लागल्या. मी स्नेहलला कोपरानं ढोसलं.

"वर्षभराचं सांगते. दुधवाला बदलला. गुडघा दुखते." मग ती थांबली. "आता तुमचं सांगते. म्हनते, फ्रान्झ, हा मानूस हिंदुस्थानातून आला, अन् म्हनते तू जित्ता हायेस. सहा वर्षांत तुले पाहून असं कोनी म्हटलं नव्हतं."

आजीबाई वळल्या आणि मला हातानं खूण केली. या.

मी चपला काढल्या. थंडी पायातून डोक्यात गेली. दोन्ही हातांनी हार वर धरला आणि दगडाच्या गोलाईवरून हळूच उतरवला. अंदाज बरोबर निघाला. साहेबांच्या टोपीच्या मापाचा हार दगडावर असा बसला, की जणू दगडच हार घालून घ्यायला पुढे झुकला. भाषण मी केलं नाही. आयुष्यातला पहिला सत्कार, जिथं माझ्या तोंडून एक शब्द निघाला नाही. विलासला हे अजून पटत नाही.

शेजारच्या कबरीवरचे एक आजोबा जवळ आले, हार निरखून पाहिला, दांडे कुठे आहेत म्हणून मागून वाकून पाहिलं आणि आजीबाईंना काही विचारलं.

"कोनत्या दुकानात भेटते म्हनून विचारून राहिले," स्नेहल म्हणाली. आजीबाईंनी ताठ मानेनं माझ्याकडे बोट दाखवलं. त्या बोटात थोडा तोरा होता, मी पाहिला.

मग त्यांनी मला विचारलं, "हे किती दिस राह्यते?"

"आमच्या उन्हात दोन दिस," मी म्हटलं. "इथल्या गारठ्यात पंधरा दिस कुठं जात नाई."

"अन् मंग?"

"मंग सुकलेला काढाचा, नवा घालाचा."

"कोन घालते?"

"घरचं मानूस."

हे स्नेहलनं आजीबाईंना सांगितलं. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मग स्नेहलनंच जर्मनमध्ये एक छोटं वाक्य म्हटलं, माझ्यासाठी त्याचं वऱ्हाडी न करता.

"काय म्हटलं तू?"

"म्या म्हटलं, मी घालीन."

"तुले सुई धरता येत नाई. लहानपनी हार कराले बसवलं का पळून जायची."

"मोठे बाबा, हे मी तिले सांगनार नाई."

खोटं सांगता येत नाही, पण गप्प बसता येतं, हे पोरगी परदेशात शिकली.

आजीबाईंनी बोटांवर हिशेब केला. पंधरवड्याला एक. मग माझ्या शालीची टोकं गळ्याशी नीट केली आणि कोरड्या आवाजात बोलल्या. स्नेहलचे डोळे भरले, तरी तिनं शब्द न शब्द सांगितला, कारण ती तशीच आहे.

"म्हनते, वर्षाचे चोवीस हार होतात. म्हंजे पोरीले वर्षभर इथंच राहा लागते. म्हनते, ठेचा कराचा तं आधी मले सांगाचं, मी फिराले जात जाईन."

फाटकाबाहेरच्या खानावळीत आम्ही तिघं लाल कोहळ्याचं गरम सूप प्यालो, सोबत पावाचे उकडलेले गोळे. मला वाटतं, आमच्या वरणात सोडले असते तर अजून खुलले असते. मी डब्यातून विलासच्या बायकोच्या करंज्या काढल्या. आजीबाईंनी एक करंजी कॉफीत बुडवली, खाल्ली, दुसरी उचलून पर्समध्ये ठेवली.

रविवार

सकाळी स्वयंपाकाच्या टेबलावर शिकवणी भरली. तिसऱ्या कुंडीतली फुलं मध्ये, एका बाजूला स्नेहल, एका बाजूला आजीबाई. आजीबाईंचा हात स्थिर, तरुणपणी शिवणकाम केलेलं. पहिल्याच खेपेला फूल देठाच्या बरोबर मधून ओवलं. स्नेहलनं दोनदा बोट टोचून घेतलं.

"पाहा," मी म्हटलं, "व्हिएन्नाची बाई शिकली, अन् शेवंतीवाल्याची पोट्टी रक्त काढून राहिली."

"मोठे बाबा, तुमचं विमान किती वाजता हाये?"

दुपारी मोठ्या आकाशपाळण्यात बसलो. आमच्या जत्रेतल्यासारख्या खुर्च्या नाहीत, लाकडी खोल्याच्या खोल्या वर जातात, तेही इतक्या सावकाश की किंचाळायला निमित्तच मिळत नाही. मी तरी एकदा किंचाळलो, पद्धत म्हणून. वरून सगळं शहर दिसलं, गोधडीचं छप्पर, नदी, आणि लांब एका बाजूला झाडांचा तो मोठा पट्टा. स्नेहल म्हणाली, तिथंच असणार साहेब.

निघायची वेळ झाली. सुई आणि दोऱ्याचं रीळ मी टेबलावर ठेवून दिलं. बोळात आलो तर खुंटीवर कालचा हार होताच, हॅटशेजारी, अजून ताजा. वर फोटोत साहेब हसत होते. मला वाटलं, जाता जाता हेही काम नीट करून जावं. मी हार खुंटीवरून काढला आणि फोटोकडे हात नेला.

आजीबाईंनी माझं मनगट धरलं. हलकंच, पण धरलं.

"म्हनते, इथं नका घालू," स्नेहल म्हणाली. "तिथं घातला तेवढा पुरे. म्हनते, घरात तुमचाच नियम चालू राहू द्या."

मी हार पुन्हा हॅटशेजारी लावला. बॅग उचलली, आजीबाईंना वाकून नमस्कार केला. दारातून वळून मिशीवाल्या साहेबांकडे पाहिलं, घरच्या मोठ्या माणसाचा निरोप घेतात तशी मान लववली आणि म्हटलं, "येतो."